इस्लामी संस्कृतीच्या जर्नलला लेख पाठवायचाय : मोडी आणि फारसी कागद हातात आहेत, पुढे कसं जावं?

सीनाकाठ :

नमस्कार मंडळी. मी इतिहासात पीएच.डी. करतोय, मराठवाड्यातल्या विद्यापीठातून. विषय अठराव्या शतकातली इनामं. नगर आणि बीडच्या सीमेवर एका गावात छोटासा दर्गा आहे. तिथल्या मुजावरांच्या (दर्ग्याची देखभाल करणाऱ्यांच्या) घरी पत्र्याच्या पेटीत जुने कागद निघाले, अकरा मोडी आणि तीन फारसी. मोडी मला चांगली वाचता येते, पुण्याला पेशवे दफ्तरात बसून हात बसलाय. फारसी जेमतेम. ते तिन्ही कागद ओळखीच्या मौलवीसाहेबांकडून वाचून घेतले.

कागद सगळे दर्ग्याच्या इनाम जमिनीचे आहेत. फारसी तीन आधीचे, निजामाच्या अंमलातले. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर इकडचा मुलूख पेशव्यांकडे गेला, तिथून पुढे मोडी सुरू होते. दिवाबत्ती, उरूस, आल्यागेल्या फकिरांचं जेवण असे खर्च त्यात लागलेत. एका कागदात कुराण पढणाऱ्याचं वेतनही आहे.

यावर लेख लिहून झालाय. माझे गाइड म्हणतात जिल्ह्याच्या इतिहास परिषदेच्या अंकात देऊन टाक. पण मला तो इस्लामी संस्कृती, इस्लामी अभ्यास या विषयाच्या चांगल्या जर्नलला पाठवायचाय, कारण दर्गा आणि वक्फ यांवर काम करणारे लोक तेच वाचतात. मित्र म्हणतात तिथे अरबी-फारसीवाल्यांची चलती, मोडीला कोण विचारतं.

अडचणी अशा. जर्नल निवडायचं कसं? व्हॉट्सॲपवर एक जाहिरात आली आहे, ‘इंटरनॅशनल’ जर्नल, आठवड्यात छापून देतो, साडेतीन हजार रुपये, सर्टिफिकेटसह. हे काय प्रकरण असतं? मोडी शब्द रोमन लिपीत कुठल्या पद्धतीने लिहायचे? आणि तारखा. एका कागदावर ‘सु॥ सबा सितैन मया व अलफ, छ १४ रबिलावल’ आहे. शुहूर सन मला कळतो, म्हणजे मराठी दफ्तरातला, अरबी संख्याशब्दांत लिहिलेला सौर सन. इथे तो ११६७. पण ऑनलाइन परिषदेत मी सारांश वाचला तेव्हा एका प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ११६७ म्हणजे १७५४, तुमची तारीखच चुकली आहे. मी समजावायला गेलो तर वेळ संपली म्हणून माइक बंद केला. जर्नलमध्येही असंच झालं तर?

ज्यांनी असे लेख पाठवलेत किंवा तपासलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.


वाचनकक्ष :

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे त्या जाहिरातीबद्दल तेवढं बोलतो. त्या वाटेला जाऊ नका. आठवड्यात छापतो म्हणणारा माणूस लेख कुणाला वाचायला देतच नाही. असले मेसेज आमच्या स्टाफच्या ग्रुपवर रोज पडतात आणि पोरं हातउसने करून पैसे भरतात, हे बघवत नाही.

यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०१९ पासून होती, ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. आता जर्नल कसं पारखायचं याचे निकष दिलेत आणि पारखायची जबाबदारी विद्यापीठांवर टाकली आहे. म्हणजे ‘केअर लिस्टेड’ असा शिक्का मारून कोणी जाहिरात करत असेल तर ते जुन्या नावावर धंदा करतायत. आणखी एक. २०२२ च्या पीएच.डी. नियमांत प्रबंध देण्याआधी लेख छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तो एकदा ऑफिसात विचारा. सक्ती नसेल तर घाई करायचं कारणच नाही.

तपासायचं असेल तर आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकून बघा. नाव, प्रकाशक, देश जुळतो का ते पाहा. चांगल्या जर्नलचं नाव आणि क्रमांक चोरून खोटी वेबसाइट उभी केलेली असते, म्हणून जर्नलपर्यंत प्रकाशकाच्या वेबसाइटवरून जा, गूगलच्या पहिल्या दुव्यावरून जाऊ नका. संपादक मंडळातल्या दोघांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधा. त्यांनी स्वतः तिथे आपण या मंडळावर आहोत असं लिहिलंय का बघा.


शिकस्ता :

सीनाकाठ, तुमच्या मित्रांचं म्हणणं आधी खोडून काढते. मी पुण्यात फारसी शिकवली, आता निवृत्त आहे, आणि अजूनही दख्खनवरचे लेख तपासायला माझ्याकडे येतात. फारसी येणारे लेखक पुष्कळ आहेत. एकाच दर्ग्याचे, एकाच जमिनीचे, आधी फारसी आणि मग मोडी असे सलग कागद आणि ते वाचू शकणारा माणूस, हे मात्र क्वचित समोर येतं. दख्खनच्या सूफींवरची ज्यांची नावं सगळे घेतात ती पुस्तकं बघा. रिचर्ड ईटन यांचं विजापूरच्या सूफींवरचं पुस्तक १९७८ चं, ते १७०० ला थांबतं. कार्ल अर्न्स्ट यांचं खुलताबादवरचं १९९२ चं, त्याचा भर चिश्ती परंपरेच्या फारसी ग्रंथांवर. दोन्ही मोठी कामं आहेत, मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवली. पण मराठ्यांच्या राज्यात गावोगावच्या छोट्या दर्ग्यांचा खर्च कोण देत होतं, कुठल्या अटींवर देत होतं, हे सांगायला मोडीच लागते. तुमच्या लेखात मोडी हा मुख्य पुरावा आहे. तो परिशिष्टात ढकलू नका. आपल्याकडचे लोक इंग्रजी जर्नल म्हटलं की मराठी कागद मागे लपवतात आणि पुढे चार मोठ्या नावांचे दाखले लावतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

आणि हे क्षेत्र परकं नाही. ‘इस्लामिक कल्चर’ नावाचं त्रैमासिक १९२७ च्या जानेवारीत हैदराबादेतून निघालं, निजामाच्या आश्रयाने. पहिले संपादक मार्माड्यूक पिकथॉल. कुराणाचं इंग्रजी भाषांतर करणारे तेच, आणि हैदराबादेत येण्याआधी मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते. १९३६ साली ते वारले, मग काही काळ मुहम्मद असद यांनी संपादन केलं. तेव्हा तुमचा मराठवाडा त्याच संस्थानात होता. जुने अंक आर्काइव्ह डॉट ऑर्गवर वाचायला मिळतात, सवडीने चाळा. एक गोष्ट लक्षात येईल. त्या पिढीत नवा दस्तऐवज नीट वाचून, भाषांतर करून छापणं हेच मोठं काम मानलं जाई. आज तेवढ्यावर लेख घेत नाहीत. ‘मला चौदा कागद सापडले, त्यांत असं असं आहे’ हा अहवाल झाला. जर्नलला विधान लागतं, आणि ते असं विधान लागतं की तुमच्या कागदांवाचून दुसऱ्या कुणाला करता आलं नसतं.

ते विधान तुमच्या पेटीतच असणार असं मला वाटतं. कुठे बघायचं ते सांगते. पेशव्यांच्या इनामपत्रांत शेवटी एक ठरलेलं वाक्य येतं, तुम्ही शेकडो वेळा वाचलं असेल : ‘प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे, या पत्राची तालीक लिहून घेऊन असल पत्र भोगवटियास परतोन देणे.’ म्हणजे दरवर्षी नवं पत्र मागू नका, नक्कल ठेवून घ्या आणि मूळ पत्र इनामदाराला परत द्या. मुघल काळच्या मदद-ए-मआशच्या (निर्वाहासाठी दिलेल्या जमिनीच्या) सनदांत नेमकं याच जागी येतं की दरसाल नवी सनद मागू नये. पुण्याचा कारकून दर्ग्याला पत्र लिहिताना मुघल दफ्तराचीच वाट चालतोय. आणि असल पत्र परत द्यायचं म्हटलं म्हणूनच तो कागद आज मुजावरांच्या पेटीत आहे. हे तुमच्या तीन फारसी कागदांशी ओळीला ओळ लावून दाखवा. मुलूख या सरकारातून त्या सरकारात गेला, लढाई झाली, पण हक्काची भाषा तीच राहिली, हा झाला अर्धा लेख.

उरलेला अर्धा लेख बदल काय झाला यात आहे. फारसी सनदेत आणखी एक कलम असतं : इनाम घेणाऱ्याने राज्य चिरकाल टिकावं म्हणून दुवा करत राहावं. तुमच्या मोडी कागदांत हे कलम आहे का? कोणासाठी दुवा मागायची म्हटलंय? की गाळलंय? आणि कुराण पढणाऱ्याचं वेतन आधीच्या फारसी कागदांत आहे, की ते पेशव्यांच्या काळात नव्याने आलं? नव्याने आलं असेल तर ती फार मोठी गोष्ट आहे, मग लेखाचं शीर्षकसुद्धा तिथूनच काढावं लागेल. कागद पुन्हा काढा आणि हे दोन प्रश्न घेऊन वाचा.

आता तारीख. परिषदेत जे झालं ते जर्नलमध्येही होऊ शकतं, कारण इस्लामी अभ्यासातला माणूस अरबी आकडे दिसले की हिजरीच धरतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, आपण त्याच्या हातात हिशेब ठेवायचा. सबा सात, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६७. हे साल हिजरी धरलं तर १४ रबिलावल येतो जानेवारी १७५४ मध्ये. शुहूर सौर चालीचा, मृगाला सुरू होतो, त्यात ५९९ मिळवले की मे-जून १७६६ ला सुरू होणारं साल मिळतं. त्या सालातला रबिलावल हिजरी ११८० चा, म्हणजे ऑगस्ट १७६६. फरक साडेबारा वर्षांचा आणि उदगीर बरोबर मधे. चुकीची तारीख धरली तर पेशव्यांच्या अंमलाआधीच पेशव्यांची सनद निघाली असं होईल आणि तुमचा सगळा डोलारा कोसळेल. म्हणून हे तळटीपेत एका परिच्छेदात मांडा, आणि पहिल्या तारखेलाच मांडा.

त्या कागदावर शिक्का कोणाचा आहे? ‘श्री राजाराम नरपति हर्षनिधान, माधवराव बल्लाळ मुख्य प्रधान’ असेल तर वाद तिथेच मिटतो. माधवराव पेशवे झाले १७६१ ला, वारले १७७२ ला. शिक्क्याचा स्पष्ट फोटो लेखात आलाच पाहिजे. तुमच्या फारसी कागदांवर फसली, म्हणजे महसुली, सनही असेल, दख्खनी फसलीत ५९० मिळवायचे, उत्तरेकडचा फसली धरला तर दोन वर्षं घसरतात. सगळ्या कागदांचा एक तक्ता करा, मूळ तारीख जशीच्या तशी, शेजारी इसवी. माझ्या हातात असा तक्ता आला की लेखकाने काम मनापासून केलंय हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

रोमन लिपीचं सांगायचं तर बहुतेक जर्नलं अरबी-फारसीसाठी आयजेएमईएसची (‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ मिडल ईस्ट स्टडीज’ची) पद्धत मागतात, तिचा तक्ता ऑनलाइन आहे. पण ती अरबी, फारसी, उस्मानी तुर्कीसाठी आहे, मोडीसाठी नाही. मोडीला आयएसओ १५९१९ हे भारतीय लिप्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय प्रमाण वापरा आणि पहिल्या टिपेत सांगून टाका की फारसी कागदांतले शब्द या पद्धतीने, मोडीतले त्या पद्धतीने लिहिलेत. मोडीत ‘रबिलावल’ लिहिलंय तर उद्धृतात तेच ठेवा, शुद्ध अरबी करत बसू नका. मराठी कारकुनाने जसं लिहिलं तसं, तोच तुमचा पुरावा आहे.

जर्नल कुठलं? ऑक्सफर्डच्या इस्लामी अभ्यास केंद्राचं ‘जर्नल ऑफ इस्लामिक स्टडीज’ १९९० पासून निघतं, त्यात दक्षिण आशियाला जागा असते. रॉयल एशियाटिक सोसायटीचं जर्नल आहे, तिथे दस्तऐवजांची कदर आहे. फारसी बाजू भक्कम झाली तर ‘जर्नल ऑफ पर्शियनेट स्टडीज’. ‘मुकर्नस’ला पाठवू नका, ते कला आणि वास्तूचं आहे. दर्ग्याचा घुमट हा तुमचा विषय नाही. निवडायची माझी पद्धत साधी आहे. गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक काढायचे आणि त्यांत ज्याच्याशी तुमचा लेख बोलतो असा एकतरी लेख सापडतो का बघायचं. सापडला तर तिथे पाठवायचं आणि त्या लेखाशी खरोखर बोलायचं, नुसतं टिपेत नाव घालून सुटका करायची नाही. एका वेळी एकाच ठिकाणी. दोन ठिकाणी एकदम पाठवलेला लेख फिरत फिरत एकाच परीक्षकाकडे येतो, हे माझ्या टेबलावर झालेलं आहे. तो माणूस हुशार होता आणि दोन्हीकडून गेला, मला आजही हळहळ वाटते.

मौलवीसाहेबांचं नाव आभारात घ्या, पण फारसी वाचनाची जबाबदारी तुमची आहे. तीनच कागद आहेत. सहा महिने फारसीला द्या आणि ते तीन स्वतः वाचता येतील इतकं शिका. परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारील.


पत्र्याची पेटी :

मी संशोधक नाही. आमचं घराणं मुजावराचं, गाव दुसरं, पण पेटी अशीच. म्हणून लिहावंसं वाटलं.

सीनाकाठ भाऊ, कागदाचे फोटो काढताना आमच्यासारख्यांच्या मनात काय चालतं ते सांगतो. माझ्या वडिलांनी एकदा एका गृहस्थांना कागद पाहायला दिले. ते घेऊन गेले, परत आलेच नाहीत. तेव्हापासून पेटीला कुलूप. दुसरी भीती जमिनीची. इनामाच्या जमिनीवर भाऊबंदकी आहे, कोर्टात केसी आहेत, वक्फचं वेगळंच. कागद छापून आला की कोण कुठला वकील घेऊन उभा राहील सांगता येत नाही. म्हणून माणसं नाही म्हणतात, त्यांना अडाणी समजू नका.

आमच्याकडे नंतर एक मुलगी आली होती, तिने चांगलं केलं. मराठीत साध्या भाषेत चिठ्ठी लिहिली : कुठले कागद पाहिले, कशाचे फोटो काढले, कुठे छापणार, कुठली गोष्ट छापणार नाही. आजोबांना वाचून दाखवली, सही घेतली, एक प्रत आम्हाला दिली. हद्दी आणि आजच्या गट नंबरांचा उल्लेख करणार नाही असं तिने कबूल केलं. आणि कागद घराबाहेर नेला नाही, ओसरीवर चादर टाकून तिथेच फोटो काढले. वाचून झालं तेव्हा तिने आम्हाला सांगितलं की यात तुमच्या पणजोबांच्या आजोबांचं नाव आहे. आजोबांनी ते नाव तिला परत परत वाचायला लावलं. आमच्या घरात ते नाव कुणालाच माहीत नव्हतं.

लेख छापला की प्रत द्याच. इंग्रजी असला तरी द्या, आणि सोबत एक पान मराठीत लिहून द्या.


सीनाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. शिकस्ताताई, तुमचं उत्तर वाचून कागद पुन्हा काढून बसलो. शिक्का तुम्ही म्हणता तोच आहे, माधवरावांचा. काठावरची शाई उडाली आहे पण ‘बल्लाळ’ स्वच्छ वाचता येतं.

दुवेचं कलम आहे! अकरांपैकी चार मोडी कागदांत. तिन्ही फारसी सनदांत राज्य टिकावं म्हणून दुवा आहे, बादशहाचं नाव न घेता. मोडीत तीन ठिकाणी ‘दुवा देऊन सुखरूप राहणे’ एवढंच आहे. चौथ्यात मात्र ‘सरकारास दुवा देऊन दर्गियाची सेवा करून सुखरूप राहणे’ असं आहे. ‘दर्गियाची सेवा’ हे फारसीत कुठेही नाही. आणि कुराण पढणाऱ्याचं वेतन फारसी कागदांत नाही. ते पहिल्यांदा याच चौथ्या कागदात येतं, तोही माधवरावांच्या वेळचाच. आतापर्यंत मी तो कागद फक्त रकमेसाठी वाचत होतो.

सारांशाचा मराठी मसुदा असा केलाय, इंग्रजी यावरून करीन : ‘उत्तर-मुघल काळात दख्खनमधील दर्ग्यांना मिळालेल्या राजाश्रयाचा इतिहास फारसी साधनांवरून लिहिला गेला आहे. मराठी साधनांकडे दुर्लक्ष झाले आहे. प्रस्तुत लेखात एका दर्ग्याच्या खासगी संग्रहातील चौदा अप्रकाशित कागदांचा अभ्यास करून हिंदू-मुस्लिम सलोख्याची परंपरा स्पष्ट केली आहे.’

पत्र्याची पेटीवाले भाऊ, तुमचा निरोप मुजावरांना वाचून दाखवला. चिठ्ठी करतोय. गावाचं नाव लेखात द्यायचं की नाही ते त्यांनाच विचारलं, ते म्हणाले नाव द्या, हद्दी देऊ नका.


शिकस्ता :

शाबास. चौथा कागद हाच तुमचा लेख आहे.

सारांशातलं शेवटचं वाक्य काढा. सलोखा होता की नव्हता हे चौदा कागदांवरून सिद्ध होत नाही, आणि परीक्षक तिथेच लाल पेन उचलील. तुमच्याकडे त्याहून जास्त ठोस गोष्ट आहे. पेशव्यांच्या सरकारने मुघल सनदेचा साचा जसाच्या तसा उचलला, आणि मग त्यात एक अट आणि एक वेतन वाढवलं. इनाम आता नुसत्या दुवेसाठी राहिलं नाही, दर्ग्यात होणाऱ्या नेमक्या कामासाठी झालं. देवस्थानांच्या इनामपत्रांत पूजा-नैवेद्याच्या अटी कशा येतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. पेशव्यांच्या कारकुनाने दर्ग्याच्या सनदेला देवस्थानाच्या सनदेची अट जोडली का, हा प्रश्न विचारा. त्याच परगण्यातल्या एखाद्या देवळाची त्याच पाच-दहा वर्षांतली सनद दफ्तरात शोधून शेजारी ठेवा. ती सापडली तर इस्लामी संस्थांचा अभ्यास करणाऱ्या कुठल्याही जर्नलला तुमचा लेख वाचावाच लागेल. नाही सापडली तर तसं सांगा आणि विधान तेवढंच आखूड करा.

‘मराठी साधनांकडे दुर्लक्ष झाले आहे’ हेही काढा. तक्रारीने सुरुवात नको. पहिल्या वाक्यातच चौथा कागद आणा : ऑगस्ट १७६६ असो की जी तारीख असेल ती, अमुक सरकारने अमुक दर्ग्याला हे लिहिलं. नमनाला घडाभर तेल नको. दीड-दोनशे शब्दांत कागद, विधान आणि ते विधान का महत्त्वाचं, एवढं आलं की पुरे.

पाठवताना काही गोष्टी सांभाळा. परीक्षकाला तुमचं नाव कळू नये आणि तुम्हाला त्याचं, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. म्हणून आभार, ‘माझ्या आधीच्या लेखात’ अशी वाक्यं, आणि वर्डच्या फाइलच्या माहितीत चिकटलेलं नाव, तिन्ही काढून टाका. परिषदेत सारांश वाचला होता हे संपादकांना पत्रात सांगा, लपवू नका. पत्र अर्ध्या पानाचं असू द्या. त्यात गाइडचं नाव, मार्क, पुरस्कार नकोत. या जर्नलच्या वाचकाला हा लेख का हवा, ते चार ओळींत लिहा.

शब्दमर्यादा बघा. आठ-दहा हजार शब्द म्हटलं की त्यात टिपा धरल्यात की नाहीत हे सूचनांत लिहिलेलं असतं. आपले लोक तिथे गफलत करतात आणि लेख संपादकांच्या टेबलावरूनच परत येतो, परीक्षकापर्यंत पोचतच नाही. सगळे चौदा कागद पूर्ण देऊ नका. चौथा मोडी आणि त्याला जुळणारी एक फारसी सनद, हे दोन मूळ लिप्यंतरासह पूर्ण द्या, बाकीचे तक्त्यात.

मग वाट पाहायची. चार-सहा महिने सहज जातात, वर्षही लागतं. मधे विचारणा करायची असेल तर चार महिन्यांनंतर एक सभ्य ओळ. ‘मोठे बदल करून पुन्हा पाठवा’ असं उत्तर आलं तर ती चांगली बातमी आहे. कित्येक मुलं तेच पत्र नकार समजून लेख फडताळात टाकतात. परीक्षकाचा एकेक मुद्दा उतरवून घ्या, त्याखाली काय बदललं आणि कुठल्या पानावर ते लिहा. जिथे तो चुकला असेल, तारखेत चुकेलच कोणीतरी, तिथे ‘आपली शंका रास्त आहे, हिशेब टीप अमुकमध्ये विस्ताराने दिला आहे’ असं लिहून कागद पुढे करा. परिषदेत माइक बंद करता आला, इथे तुमचं उत्तर संपादक वाचतो.


वाचनकक्ष :

ताईंनी सगळं सांगितलंच. पैशाचा एक मुद्दा राहिला. वर्गणीवर चालणाऱ्या चांगल्या जर्नलमध्ये मानव्यविद्यांचा लेख छापायला सहसा काही भरावं लागत नाही. पण लेख स्वीकारल्यावर करारनाम्याच्या पानावर ‘ओपन ॲक्सेस हवा का’ असं विचारतात. तिथे नकळत टिक झाली की हजारो डॉलरचं बिल समोर येतं. नको हा पर्याय निवडा. स्वीकारलेला मसुदा विद्यापीठाच्या संग्रहात ठेवायची परवानगी बरेच प्रकाशक काही मुदतीनंतर देतात, तो नियम करारातच वाचा. मुजावरांना छापील पानं द्यायला तुम्हाला लेखकाची प्रत मिळतेच.

फोटो तीनशे डीपीआयचे, टिफ स्वरूपात ठेवा, मोबाइलवरून व्हॉट्सॲपने पाठवलेले चालत नाहीत. मुजावरांच्या सहीच्या चिठ्ठीचं इंग्रजी भाषांतर करून ठेवा, छपाईच्या वेळी प्रकाशक फोटोंची परवानगी मागतात.


सीनाकाठ :

देवळाची सनद शोधायला सोमवारी दफ्तरात जातोय. त्या परगण्याचे रुमाल (कागदांची बासनं) कुठले ते यादीत काढून ठेवलंय. ताई, सारांश पुन्हा लिहून इथेच टाकतो, एकदा नजर घाला. फारसीच्या वर्गालाही नाव घातलं.


शिकस्ता :

टाका, नक्की बघते. आणि रुमाल उघडाल तेव्हा सनदांच्या आधी त्या सालचा परगण्याचा ताळेबंद बघा. सनद निघाली म्हणजे पैसे गेलेच असं नसतं. कुराण पढणाऱ्याचं वेतन खर्चाच्या बाजूला खरंच पडलेलं दिसलं, तर ती नोंद चौथ्या कागदाइतकीच मोलाची आहे.